गेटाच्या आत सफारी, शेतात जागल

बोरधरणच्या गेटवर उतरलेला पाहुणा आधी फलकावरचा नकाशा बघतो आणि मग माझ्याकडे वळून विचारतो, "एवढंच जंगल?" हो जी, एवढंच. गाभा क्षेत्र १३८ चौरस किलोमीटर. १९७० साली अभयारण्य झालं तेव्हा तर ६१च्या आसपास होतं. पुढे न्यू बोर आणि त्याचा विस्तार जोडला गेला आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वर्ध्याहून तीस-पस्तीस किलोमीटर, सेलू तालुका, हिंगणीच्या पुढे. सेवाग्राम झालं, पवनार झालं, हाताशी एक दिवस उरला म्हणून बोर, असे निम्मे पाहुणे. उरलेल्या निम्म्यांना ताडोबाचं बुकिंग मिळालेलं नसतं. आम्हाला दोघेही चालतात.

गाईडबद्दल लोकांचा एक पक्का समज असतो. वाघ कुठं बसलाय हे याला ठाऊक आहे, फक्त सांगायला वेळ लावतोय, असा. काही जण जिप्सीत बसायच्या आधीच हळूच विचारतात, "भाऊ, दाखवाल ना? खुशी देऊ." खुशी कुणाला नको असते? पण ती वाघापर्यंत पोचवायची सोय अजून झालेली नाही. मी हसतो आणि मागची सीट धरून उभा राहतो.

सकाळी आत शिरल्यावर माझी नजर झाडात नसते, रस्त्याच्या धुळीत असते. धूळ म्हणजे आमचं हजेरीपुस्तक. हिवाळ्यात रात्रभर दव टपटपतं आणि धुळीवर बारीक खड्डे पाडतं. पंजाच्या ठशावर ते खड्डे दिसले तर वाघ दव पडायच्या आधी गेला. ठसा कोरा, कडा अजून उभ्या, तर नुकताच. काल संध्याकाळच्या शेवटच्या गाडीच्या टायरवर पंजा पडला असेल तर तो रात्रीचा. पंजावर टायर असेल तर त्याआधीचा. एखादा किडा ठशाच्या आरपार रांगत गेलेला असतो, त्याची सुतासारखी रेघ उमटते. ती दिसली की ड्रायव्हर न बोलता गाडी पुढं काढतो. ठसा चौकोनी आणि भारदस्त असेल तर नर, लांबट आणि बोटं निमुळती असतील तर मादी, असं सांगतात. पण ओल्या मातीत पंजा पसरतो आणि मादीचा नर होतो, म्हणून पाहुण्यांसमोर मी पैज लावत नाही.

ठशानंतर कान. इंजीन बंद करायला सांगितलं की पहिल्या दोन मिनिटांत पाहुणा चुळबुळ करायला लागतो. शहरातल्या माणसाला शांतता म्हणजे काहीतरी बिघडल्यासारखी वाटत असावी. चितळ कोकलतं, पण चितळाचं काय, ते पानाच्या सळसळीलाही कोकलतं. वानर झाडावरून खकरायला लागलं आणि खाली एकाच दिशेला बघत राहिलं तर लक्ष द्यायचं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, तेही बऱ्यापैकी खरं. सांबरानं मात्र एकदा "ढांक्" केलं, पाय आपटला आणि शेपटी वर करून थिजलं, की ड्रायव्हर आणि मी एकमेकांकडे बघतो. सांबर उगाच बोलत नाही.

मागच्या हिवाळ्यात नागपूरचं एक निवृत्त जोडपं आलं होतं. काका बँकेत होते, काकू शाळेत. वाघ दिसला नाही तरी चालेल असं त्यांनी गेटवरच सांगितलं, म्हणजे जंगल पाहिलेली माणसं. मुलगी-जावई परदेशात. त्यांनी दोघांना टांझानियाला नेलं होतं, तेही लॉजवर नाही, तंबूतल्या सफारीवर. दिवसा गाडीतून फिरायचं, संध्याकाळी कॅम्पवर शेकोटी, रात्री कापडी तंबूत झोप. सेरेंगेटीतल्या त्या कॅम्पला कुंपण नव्हतं. गाईडनं झोपायच्या आधी सांगितलं होतं की तंबूची चेन पूर्ण लावा, खायचं काही आत ठेवू नका, काहीही झालं तरी उजाडेपर्यंत बाहेर येऊ नका. बंद तंबूला जनावर दगडासारखं समजतं आणि वळसा घालून जातं. काकू सांगत होत्या, "सिंहाचा आवाज कानानं नाही ऐकू येत, तो पाठीला जाणवतो, अंथरुणातून. मी रात्रभर रामरक्षा म्हटली. आणि सकाळी तंबूच्या बाजूला तरसाचे ठसे. यांना विचारा." काकांनी मान हलवली. ते म्हणे झोपले होते.

आफ्रिकेतल्या गाईडांच्या कामाबद्दल मी जमेल ते वाचतो, पाहुण्यांनाही खोदून खोदून विचारतो. धंद्यातली चौकशी म्हणा. एकट्या सेरेंगेटीचं क्षेत्र १४,७६३ चौरस किलोमीटर. आमचे शंभर बोर त्यात मावतील. आमचा अख्खा वर्धा जिल्हा सव्वासहा हजारांच्या आसपास, म्हणजे दोन वर्धा जिल्हे आत ठेवून वर जागा उरते. दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर तर तीन जिल्ह्यांएवढं. तिथं १९७८पासून पायी सफारी चालते. आठ पाहुणे, सोबत बंदूकधारी दोन गाईड, दिवसभर चालायचं आणि जंगलातल्या छोट्या कॅम्पवर मुक्काम. झांबियात नॉर्मन कार नावाच्या माणसानं १९५०नंतर लुआंग्वाच्या खोऱ्यात पाहुण्यांना पायी फिरवायची प्रथा पाडली आणि उत्पन्नाचा वाटा तिथल्या गावाला मिळेल असं बघितलं. हे वाचलं तेव्हा मला बंदुकीपेक्षा वाट्याचं जास्त वाटलं.

तिथलं आणि इथलं काम मात्र सारखं नाही. तिथं गवताळ उघडं रान. सिंह कळपानं राहतो, उन्हात लोळतो, मैलभरावरून दुर्बिणीत सापडतो. स्थलांतराच्या दिवसांत दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट चालत असतात, ते चुकवायचं म्हटलं तरी चुकत नाहीत. तिथला गाईड दिसलेल्या गोष्टीचा अर्थ सांगतो. इथं साग, धावडा, तेंदू आणि बांबूची दाटी. पावसाळ्यानंतर गेट उघडतं तेव्हा दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. वाघ एकटा, आणि त्याचं पोटच मुळी न दिसण्यावर चालतं. मी बहुतेक वेळ न दिसलेल्या गोष्टीबद्दल बोलत असतो. तीन तास असं बोलून पाहुण्याला खूश करून परत आणायचं, हे काम सोपं आहे असं ज्याला वाटतं त्यानं मे महिन्यात, रिकाम्या हातानं परतणाऱ्या गाडीत माझ्या जागी उभं राहून बघावं.

याच दडपणातून गाड्या एकमेकांवर चढतात. २०२४ची अखेर होती. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात, गोठणगावकडे, एका वाघिणीची आणि तिच्या पिल्लांची वाट जिप्स्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि ड्रायव्हरांवर कारवाई झाली. आमच्या गेटवर कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. नियम सगळ्यांना पाठ असतात: जनावरापासून वीस मीटर, दोन गाड्यांमध्ये पन्नास. पण समोर वाघीण, मागं पाच गाड्या आणि गाडीत "थोडं पुढं घ्या ना" म्हणणारे सहा जण, त्यांतले दोन कुणा साहेबांचे पाहुणे. ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांचा मी बचाव करत नाही. "थोडं पुढं घ्या ना" म्हणणारे मात्र घरी गेले, त्यांचं नाव कुठं आलं नाही.

काकूंनी पहिल्याच फेरीत विचारलं, "तुमच्याकडे जंगलात तंबूत झोपायची सोय आहे का हो?"

नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पर्यटकाला रात्र काढता येत नाही. सूर्य बुडायच्या आत गेटाबाहेर. जंगलात रात्री माणूस असतो तो वनरक्षक आणि वनमजूर. त्यांच्या संरक्षण कुट्या आहेत. एक खोली, एक चूल, पाण्याचा ड्रम, कोपऱ्यात काठ्या. पायी सफारी म्हणाल तर तीही त्यांचीच. दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते तेव्हा पहाटे पाच किलोमीटरच्या वाटेवर वाघ-बिबट्याच्या खुणा शोधत चालायचं, दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चितळ-सांबरं मोजायची, झाडांना कॅमेरे बांधायचे, पुन्हा येऊन कार्ड काढायची. हातात काठी. क्रुगरच्या गाईडाजवळ रायफल असते हे मी एकदा एका वनमजुराला सांगितलं. तो म्हणाला, "बंदूक असली का मंग जनावर जवळ येऊ देते माणूस. काठी असली का लांबूनच सलाम."

पाहुण्यासाठी वर्षातली एकच रात्र असते, बुद्ध पौर्णिमेची. वनविभाग त्याला निसर्गानुभव म्हणतो. पाणवठ्याजवळच्या मचाणावर दुपारी चढायचं, दुसऱ्या सकाळी उतरायचं, दिसेल त्या जनावराची नोंद करायची. आधी नोंदणी, मग मचाणं वाटून देतात, सोबत आमच्यातला एखादा.

मे महिन्यातला वर्धा ज्यानं सोसलाय त्याला दुपारी मचाणावर चढणं म्हणजे काय ते सांगायला नको. हवा तापलेली, खाली फळ्या तापलेल्या. भडक कपडे नकोत, सेंट-अत्तर नको, टॉर्च नको, मोबाइलचा उजेड नको, बोलणं नको. पहिले दोन तास पाहुणा हे सगळं निष्ठेनं पाळतो. मग त्याला चिवड्याची आठवण होते. प्लास्टिकच्या पुडीचा आवाज त्या शांततेत किती लांब जातो हे मी तिथं शिकलो. आता चढायच्या आधीच सगळ्यांचं खाणं कापडात बांधायला लावतो.

अंधार पडायच्या बेतात मोर येतो, एकेक घोट पिऊन मान वर करतो. मग रानडुकरांचा कळप, पाण्यात पिण्यापेक्षा लोळणं जास्त. चंद्र वर आला की पाणवठा चमकायला लागतो आणि मग खरी गंमत सुरू होते, कारण प्रत्येक दगड अस्वल आणि प्रत्येक बुंधा वाघ होतो. रातवा रस्त्यावर बसून ठोके दिल्यासारखा बोलत राहतो. एका वर्षी माझ्यासोबत वर्ध्याचे एक प्राध्यापक होते. रात्रीत कधीतरी अस्वल आलं, पिल्लू पाठीवर घेऊन. आधी वास घेत मचाणाखालीच थांबलं. त्याच्या श्वासाचा घरघर आवाज फळ्यांच्या फटीतून वर येत होता. मी प्राध्यापकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते घोरत होते. उठवावं तर दचकून ओरडतील, न उठवावं तर सकाळी मला शिव्या देतील. अस्वल पाणी पिऊन, दोनदा वर बघून निघून गेलं आणि मी नोंदवहीत लिहिलं, अस्वल १ मादी, १ पिल्लू. सकाळी त्यांनी ती नोंद वाचली. त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा तुटकच बोलतात.

तर काका-काकू. ते गेटाबाहेर, धरणाच्या अलीकडे, एका शेतकऱ्यानं आपल्या वावरात तंबू लावलेत तिथं उतरले होते. तंबू नीटनेटके, जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, झुणका, शेकोटीला तुराट्या. रात्री साडेदहाला मला फोन आला. काकांचा आवाज वैतागलेला. "अहो, इथं आजूबाजूला काय चाललंय? लोक ओरडतायत, डबे बडवतायत, आता तर फटाका फुटला. लग्न आहे का कुठं?"

मी म्हटलं, "काका, जागल आहे."

चण्याचे घाटे भरायला लागले होते, तूर उभी होती. जंगलाच्या काठावरच्या गावांत या दिवसांत रात्री घरात पुरुष माणूस सापडत नाही. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप एकदा शिरला की खातो कमी आणि तुडवतो जास्त. रानडुक्कर तर नांगर फिरवल्यासारखं वावर उलथून टाकतं. म्हणून प्रत्येकाच्या वावरात चार मेढींवर पऱ्हाट्या-तुराट्यांचं छप्पर टाकलेलं मचाण. कुंपणाला बायकांच्या जुन्या साड्या बांधलेल्या, लाल, पिवळ्या, जरीच्या. वाऱ्यावर फडफडल्या की जनावर बिचकतं म्हणतात. पहिले आठ दिवस बिचकतं, हे खरं. कुणी मोबाइलवर कुत्र्याचं भुंकणं भरून भोंग्यावर लावतं. कुणी तासातासानं उठून डबा वाजवतं आणि "हाड्या हाड्या" करून आरोळी देतं. ती ऐकून शेजारच्या वावरातला ओरडतो, त्याच्यापुढचा ओरडतो. डुक्कर हाकलण्याइतकाच त्या आरोळीचा दुसरा उपयोग असतो. तू जागा आहेस ना, मीही आहे.

शिवाय लाईन. कृषिपंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. सौर कृषी वाहिनी येतेय, दिवसा वीज मिळेल, असं ऐकतो आणि काही गावांना मिळतेही. आमच्याकडे तेव्हा रात्रपाळी होती. रात्री लाईन आली की मचाणावरून उतरायचं, अंधारातून विहिरीपर्यंत जायचं, मोटर चालू करायची, मग ओल्या दांडातून पाणी वळवत फिरायचं. मी स्वतः दिवसा जिप्सीत उभा राहून पाहुण्यांना सांगतो की सूर्य मावळल्यावर वाघ हालचाल सुरू करतो. आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री, धाकट्या भावाला झोप मिळावी म्हणून, त्याच वेळेला फावडं घेऊन दांडावर उभा असतो. आमचं वावर आणि जंगल यांच्यामध्ये एक नाला आहे. वाघाला नाला म्हणजे काही सरहद्द नव्हे.

इथले वाघ १३८ चौरस किलोमीटरमध्ये मावणारेच नाहीत. तरणा नर झाला की त्याला स्वतःचा मुलूख लागतो, मग तो निघतो. कुणी पेंचकडे, कुणी मेळघाटाच्या रोखानं, वाटेत गावं, शेतं, रस्ते. बोरचा गाजलेला बाजीराव २०१७च्या डिसेंबरअखेर नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीखाली गेला. त्याच वर्षी ब्रह्मपुरीकडून पकडून आणलेली एक वाघीण गळ्यात कॉलर घालून बोरमध्ये सोडली होती. ती इथं थांबली नाही. अडीच महिन्यांत पाचशे किलोमीटरच्या वर चालली. माणसं मारली, ठार मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी ऑक्टोबरमध्ये ती कारंजा तालुक्यात, सिंदीविहिरीजवळच्या एका शेताच्या कुंपणातल्या करंटनं मेली. तो गवळाऊ जनावरांचा, नंद गवळ्यांचा मुलूख. तिथं गाय चरायला जंगलातच जाते. त्या अडीच महिन्यांत संध्याकाळी गोठ्यात गाई मोजताना लोकांची काय अवस्था होत असेल, ते मला वेगळं कल्पावं लागत नाही.

त्या करंटबद्दल पाहुणे विचारतात तेव्हा मी दोन कुंपणं वेगळी करून सांगतो. सौर कुंपणात वीज थांबून थांबून, टिचकीसारखी येते. जनावराला झटका बसतो, ते पळतं, मरत नाही. जंगलाला लागून असलेल्या गावांना वनविभागाच्या योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं. दुसरं म्हणजे सरळ लाईनवर आकडा टाकून तारेत सोडलेला करंट. तो रोही, वाघ, म्हैस, जागलीवरचा पोरगा, काहीच निवडत नाही. तो गुन्हा आहे आणि तो लावणारा माझ्याच ओळखीतला असू शकतो. गाईड झाल्यावर मी गावात या विषयावर बोलायला लागलो, तेव्हा एकानं विचारलं, "तुले वाघाचे पैसे भेटते, मले काय भेटते?" मी त्याला सौर कुंपणाच्या अर्जाचा कागद दिला. त्यानं तो घेतला, घडी करून खिशात ठेवला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या कागदावर नव्हतं. नुकसानीचा पंचनामा होतो, भरपाईही मिळते. पण रात्र रात्र जागल्याचा पंचनामा कुणी करत नाही.

काकांनी फोनवर हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला बघायचंय." रात्री, थंडीत, सत्तरीचा माणूस. काकूंनी तंबूतून ओरडून सांगितलं की यांना नेऊ नका, आणि पाच मिनिटांनी त्याच स्वेटर-मफलर घालून गाडीत बसल्या. मी त्यांना आमच्या वावराच्या धुऱ्यापर्यंत नेलं. मचाणावर भाऊ घोंगडं पांघरून बसला होता, खाली गोवऱ्यांचा विस्तव. शिडी म्हणजे दोन बांबूंना बांधलेल्या आडव्या काठ्या. काका चढले. काकूंनी खाली विस्तवाजवळ बैठक मारली आणि भावाच्या डब्यातला मिरचीचा ठेचा चाखून डोळ्यातून पाणी काढलं.

वर अर्धा तास कुणी बोललं नाही. चण्यावर दव पडायला लागलं होतं, त्याचा आंबूस वास येत होता. नाल्यापलीकडून चितळ कोकललं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, नुसतं चितळ. मग थोड्या वेळानं सांबर. एकदाच. भाऊ उठून बसला. त्यानं डबा हातात घेतला, पण वाजवला नाही. टॉर्च नाल्याच्या काठानं सावकाश फिरवली. चण्याच्या टोकाला हिरवट डोळ्यांच्या पाच-सहा जोड्या चमकल्या, रोही. उजेड पडला तसे ते वळले आणि नाल्यात उतरायच्या ऐवजी धुऱ्यानं आडवे पळत सुटले. नाल्याकडे त्यांना जायचं नव्हतं. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "म्हणजे तिकडे आहे?" मी म्हटलं, असेल. खाली काकूंची कुजबुजती रामरक्षा सुरू झाली होती.

दिसलं काही नाही. आणखी तासाभरानं आम्ही उतरलो. जाताना काका भारावलेले होते आणि भारावलेल्या माणसाला लगेच योजना सुचतात. "अहो, आम्ही त्या सेरेंगेटीतल्या तंबूच्या एका रात्रीचे किती मोजले, माहितीय? हे मचाण तुम्ही पाहुण्यांना द्या. जागल अनुभव. लोक रांग लावतील. तुमच्या भावालाही पैसे मिळतील."

मला ते अगदीच खोटं वाटलं नाही. तंबूवाल्यानंही नंतर हेच काढलं. दोन मचाणं नीट बांधू, गादी टाकू, गरम चहा, सकाळी पोहे. विमा कोण काढणार, पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी कुणाची, वनविभाग काय म्हणेल, हे प्रश्न आहेतच. पण माझी अडचण वेगळी होती. पाहुणा आला की आरोळी बंद होणार, कारण त्याला शांतता हवी असते. डबा बंद, भोंगा बंद, फटाका बंद. मग शेजारच्या वावरातल्यानं कुणाच्या भरवशावर जागायचं? आणि पाहुण्याला जनावर बघायचं असणार. आपण तर ते येऊ नये म्हणून बसलेले.

मी भावाला विचारलं. तो तेव्हा चण्याच्या ओळीत वाकून रात्री तुडवलेली झाडं बघत होता.

"गादीवाल्या मचाणाचे किती देते म्हणते?"

मी आकडा सांगितला. त्यानं मनात काहीतरी गुणाकार केला. मग म्हणाला, "बरं. पण त्याइले सांगजो, रात्री लाईन आली का मोटर चालू कराले बी उतरा लागन. आन् मचाणाखाली आपलं वासरू बांधलं आहे, वाघ त्याच्यासाठी आला तं आरोळी देणं बंद नाही राहणार. पटत असन तं ये म्हना, नाही तं तंबूत झोप म्हना."

तंबूवाल्याला अजून पटलेलं नाही. अर्ज मात्र त्यानं लिहून ठेवलाय, आणि मराठी शुद्ध करायला तो माझ्याकडेच देऊन गेलाय.